पिवळ्या रंगावर जाऊ नका

लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री एकच्या सुमारास शेवटची प्रवासी गाडी गेली, की जिथे काम असेल तिथली वीज बंद करतात. रूळ बदलणं, खडी टाकणं, राडारोडा उचलणं हे सगळं पहाटेपर्यंतच्या जेमतेम चार तासांत उरकायचं. पण वीजच नसेल, तर सामानाची गाडी ओढणार कोण? डिझेलचा धूर बोगद्यात कोंडून राहतो. यावरचा तोडगा म्हणजे बॅटरीचं इंजिन.

या रेल्वेत चाकांच्या दोन रुळांशिवाय विजेचे आणखी दोन रूळ असतात. वीज चालू असेतो हे इंजिन त्यांतूनच वीज घेत कामाच्या जागी पोचतं आणि पुढे बॅटरीवर चालतं. खोल बोगद्यांचा व्यास साधारण साडेतीन मीटर, त्यामुळे इंजिन ठेंगणं, वरच्या कडा आत वळलेलं. अंगावरचा क्रमांक ‘एल’ अक्षराने सुरू होतो. सहसा अशी दोन इंजिनं गाडीच्या दोन टोकांना जोडतात. इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला न्यायला बोगद्यात जागा कुठली?

इंजिनं पिवळी असतात हे खरं, पण निव्वळ रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. रुळांची मापं घेणारी गाडी लाल-पांढरी, दिसायला थेट जुन्या प्रवासी गाडीसारखी. तशी ती आहेच: टोकाचे डबे 1960च्या बनावटीचे, मधला 1973च्या. मापाची यंत्रं त्या मधल्या डब्यात, आणि त्याचा क्रमांक टीआरसी 666! सैतानाचा आकडा मुद्दाम दिला की कसं, कोण जाणे. बोगद्यातली धूळ ओढून घेणारी गाडीही 1938च्या बनावटीच्या प्रवासी डब्यांतून घडवली होती. जुने डबे भंगारात न घालता कामाला जुंपायचे, हा इथला शिरस्ताच.

वाफेच्या इंजिनांचंही तेच झालं. प्रवासी गाड्यांवरून ती 1961मध्ये उतरली, पण जमिनीलगतच्या मार्गांवर कामाच्या गाड्या आणखी दहा वर्षं ओढत राहिली. जून 1971मध्ये ‘एल 94’ने शेवटची फेरी केली.

लंडनला गेलात तर सेंट्रल मार्गाने वेस्ट रायस्लिपपर्यंत जा. रायस्लिप गार्डन्स सोडल्यावर खिडकीबाहेर लक्ष ठेवा. या गाड्यांचा मुख्य डेपो तिथेच आहे, आणि रात्रीच्या या गाड्या तिथे दिवसाउजेडी दिसतात.