लेखांक ७ : विल वेस्ट लाँगच्या वह्या आणि मुखवटे

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांपैकी सिक्वोया याने घडवलेल्या लिपीपाशी थांबलो होतो. १८२१च्या सुमारास सिद्ध झालेल्या या लिपीत १८२८मध्ये चेरोकींचं वृत्तपत्रही निघालं. पण याच लिपीचा आणखी एक, घरगुती आणि काहीसा गुपचूप उपयोग होत होता. जाणते वैद्य आपले मंत्र, औषधं आणि तोडगे तिच्यात उतरवून ठेवत. १८३८मध्ये अमेरिकी सैन्याने बहुसंख्य चेरोकींना हुसकावून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात नेलं आणि वाटेत हजारो माणसं मेली. तरी नॉर्थ कॅरोलिनाच्या स्मोकी डोंगरांत काही जण टिकून राहिले आणि त्यांच्याबरोबर अशा वह्याही राहिल्या.

या डोंगरांतल्या बिग कोव्ह वस्तीत १८७०च्या सुमारास विल वेस्ट लाँग जन्मला. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी १८८७मध्ये तिथे आला तेव्हा हा पोरगा विशीतही नव्हता. इंग्रजी येत होतं, म्हणून दुभाष्या आणि लेखनिक म्हणून तो मूनीच्या हाताखाली लागला. जुन्या कागदांवरचे मंत्र तो एका मोठ्या वहीत नीट उतरवू लागला. मूनीचं नाव झालं. मला मात्र त्या नकलनविसाचं कुतूहल जास्त वाटतं, कारण दुसऱ्याच्या कामासाठी सुरू केलेलं लिहिणं त्याने नंतर आपलं करून टाकलं. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेत तो शिकला, काही वर्षं न्यू इंग्लंडमध्ये राहिला, पण अखेर बिग कोव्हलाच परतला आणि जन्मभर टिपत राहिला.

तो नुसता वहीत रमणारा नव्हता. गाणी म्हणायचा, नाचात पुढे असायचा आणि मुखवटेही कोरायचा. त्यातला 'बूगर' नाच सांगण्यासारखा आहे. हिवाळ्यातल्या रात्री घरात मंडळी जमलेली असताना मुखवटे घातलेली टोळी धाडकन आत शिरते. मुखवटे लाकडाचे, भोपळ्याचे, कधी गांधीलमाशीच्या पोळ्याचेसुद्धा. हे म्हणे दूरदेशीचे परके लोक. ते बायकांच्या मागे लागतात, अचकट-विचकट चाळे करतात. यजमान त्यांना नाव-गाव विचारतो, तेव्हा नावं निघतात ती बहुधा अश्लील. मग एकेकाने आपल्या नावावर एकट्याने बेढब नाच करायचा. अभ्यासकांना या सोंगात गोऱ्यांच्या आक्रमणाची टिंगल दिसते. दिसणारच. पण सगळा अर्थ तेवढ्यावर संपवला, तर त्या रात्रीचं हसू हातून निसटतं. ज्यांनी आपली जमीन हिरावली, त्यांना आपल्याच घरात, आपल्याच तालावर नाचवायचं, यात सुडाइतकीच मजाही असावी.

फ्रँक स्पेक आणि लिओनार्ड ब्रूम या अभ्यासकांनी हे नाच लाँगच्या साहाय्याने नोंदवले. १९५१मध्ये पुस्तक आलं आणि त्यावर लाँगचं नावही सहकारी म्हणून छापलं गेलं. ते पाहायला तो नव्हता, १९४७मध्येच वारला होता.

पुस्तक महत्त्वाचं खरंच, पण पावलं आणि चाली कागदावरून कितीशा उचलता येतात? लाँगच्या आसपास त्याचा पुतण्या वॉकर कॅल्हून वाढत होता. जन्म १९१८चा. लहानपणी काकाची गाणी ऐकत, नाच पाहत तो शिकला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन आला. बँजोही झकास वाजवायचा. पुढे घरातल्याच पोरा-नातवंडांना घेऊन त्याने 'रेव्हन रॉक डान्सर्स' हा चमू उभा केला आणि काकाकडून आलेले नाच पुन्हा लोकांसमोर आणले. १९९२मध्ये अमेरिकेतला लोककलावंतांसाठीचा 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' हा राष्ट्रीय सन्मान त्याला मिळाला. २०१२मध्ये तो गेला.

लाँगची लिखापढी नसती तर अभ्यासक अडले असते. पण कॅल्हूनच्या चमूतली पोरं नाच शिकली ती आजोबांच्या पावलांकडे बघून. तो बँजो आणि त्यामागचं चेरोकी डोंगरातलं संगीत, हा विषय पुढच्या आठवड्यात.