चित्र संग्रहालयात जाते म्हणजे काय?

‘संग्रहालय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुनी नाणी, गंजलेल्या तलवारी आणि भग्न मूर्ती उभ्या राहतात. तेथील वस्तू शतकानुशतके जुनीच हवी, असा आपला समज असतो. मग हयात चित्रकाराचे चित्र तेथे कसे जाते? आणि गेल्यावर त्याचे काय होते?

संग्रहात शिरण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक देणगीची, दुसरी खरेदीची. दोहोंचेही एकेक उदाहरण घेऊ.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा; शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९६२ साली त्यांनी रंगवलेले एक चित्र दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात देणगीरूपाने दाखल झाले. तेव्हा गायतोंड्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

भूपेन खख्खर हे मुंबईत जन्मलेले, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. पुढे बडोद्यास राहून त्यांनी चित्रे काढली. १९८१ साली त्यांनी एक मोठे चित्र रंगवले. गच्चीत उभा असलेला एक विवस्त्र पुरुष खाली पाहतो आहे आणि खाली बाप, लेक व गाढव यांची आपल्या सर्वांच्या परिचयाची गोष्ट चालली आहे! सर्वांना खूश करता येत नाही, हेच चित्राचे नाव. लंडनच्या टेट संग्रहालयाने ते १९९६ साली विकत घेतले. खख्खर २००३ साली वारले. २०१६ साली तेथेच त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यालाही याच चित्राचे नाव देण्यात आले.

चित्र संग्रहात आले की त्याची नोंद होते. चित्रकार, साल, माध्यम, लांबी-रुंदी, कोणाकडून आले, हे सारे लिहून त्याला क्रमांक मिळतो. ऊन, दमट हवा, कीड यांपासून ते जपावे लागते. साहजिकच ते अभ्यासकाला सापडते आणि इतर संग्रहालयांना प्रदर्शनासाठी देता येते. थोडक्यात, चित्र घेणे म्हणजे केवळ पैसे मोजणे नव्हे. पुढच्या पिढ्यांसाठी ते सांभाळण्याची हमी घेणे होय.

आपल्या देशात हे काम करण्यासाठी १९५४ साली दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले. अमृता शेरगिल १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. परंतु त्यांची अनेक चित्रे आज या संग्रहात एकत्र पाहता येतात. मुंबईची शाखा १९९६ साली सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली.

आता कोणी विचारील, या साऱ्याशी आपला संबंध काय? मला वाटते, फार मोठा आहे. धनिकाच्या दिवाणखान्यातले चित्र पाहुण्यांपुरते असते. आमच्यासारख्यांच्या घरी भिंतीवर कॅलेंडराखेरीज चित्र नसते. त्या दिवाणखान्यात आम्हांला कोण बोलावणार? परंतु सरकारी संग्रहातले चित्र जनतेच्या पैशाने सांभाळले जाते. ते जितके मंत्र्याचे, तितकेच शेतमजुराच्या मुलाचेही.

अर्थात हा हक्क कागदावर राहून चालणार नाही. भिंती थोड्या आणि चित्रे फार, म्हणून संग्रहातली बहुतेक चित्रे कोठारातच असतात. पाहणारेच आले नाहीत, तर ती बाहेर काढा असे सांगणार कोण? तेव्हा मित्रहो, मुंबईस गेलात तर समुद्राबरोबर संग्रहालयही पाहा. चित्र कळले नाही तरी संकोच नको. ते आपलेच आहे; पुन्हा जाऊन पाहता येईल.