काचेच्या पेटीतील प्रवाळ आणि शैवालाचे आक्रमण

प्रवाळभित्तीची लहानशी प्रतिकृती काचेच्या पेटीत उभी करणे आज शक्य झाले आहे. परंतु अशा प्रवाळ-मत्स्यालयात एक अडचण वारंवार उद्भवते. खडकांवर हिरव्या केसांसारखे शैवाल माजते आणि प्रवाळांचा प्रकाश व जागा ही दोन्ही हिरावून घेते. खरवडून काढले तरी ते पुन्हा उगवते. असे का व्हावे?

याचे उत्तर समुद्रात सापडते. प्रवाळभित्तीभोवतालच्या स्वच्छ पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट ही शैवालाची पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. शिवाय उगवलेले शैवाल मासे, गोगलगाई आणि सी-अर्चिन नावाचे काटेरी प्राणी सतत खात असतात. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रातील काळे सी-अर्चिन रोगाने प्रचंड संख्येने मेले. अतिमासेमारी व चक्रीवादळ यांनी आधीच दुर्बळ झालेल्या जमैकाच्या प्रवाळभित्तीवर त्याचा घोर परिणाम झाला. १९७७ साली तेथील सुमारे ५२ टक्के तळ जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो ३ टक्क्यांवर आला व शैवाल ९२ टक्क्यांवर गेले.

तेव्हा पेटीतही शैवालाचे अन्न तोडणे आणि त्याचे भक्षक राखणे हाच खरा उपाय होय. माशांना बेताचेच खाणे घालावे, उरलेले काढून टाकावे, पाण्याचा काही भाग नियमाने बदलावा आणि त्यासाठी नळाच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेले पाणी वापरावे. शैवालभक्षक गोगलगाई पाळाव्यात. मोरचुदासारखे ताम्रयुक्त द्रव्य शैवालाबरोबरच गोगलगाई व प्रवाळ यांचाही नाश करते, हे विसरू नये.

उपद्रवी प्राण्यांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. ॲप्टेशिया हे समुद्रपुष्प तोडून काढू गेल्यास मागे राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रपुष्पे निर्माण होतात. म्हणून नवा खडक वा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून, नीट निरखून, मगच आत घ्यावा.

काढलेले शैवाल मात्र गटारात किंवा समुद्रात कधीही टाकू नये. मत्स्यालयांत वाढविलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ सुमारे एक चौरस मीटर जागेत आढळले. पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसताच ताडपत्र्यांखाली झाकून क्लोरीनने मारण्यात आले. २००६ साली त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, तोवर ७० लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. पेटीतले शैवाल निदान २४ तास गोठवून मग कचऱ्यात टाकण्यास काहीच खर्च येत नाही.