पिल्लाचे नाव ठेवताना



खते, बियाणे, रोग, कीड यांविषयी तुम्ही मला नेहमी विचारता. कुत्र्याचे नाव काय ठेवावे, हा प्रश्न मात्र इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाच विचारला गेला. प्रश्न साधा वाटला, पण त्यात एका मुक्या जनावराच्या जिवाची गोष्ट होती. म्हणून आज तीच सांगतो.

एका ओळखीच्या घरी कांद्याची चाळ पाहायला गेलो होतो. घरचा थोरला नातू पुण्याला नोकरीला. त्याने मित्राकडून बॉक्सर जातीचे पिल्लू आणले होते. बदामी अंग, काळे तोंड, छातीवर पांढरा पट्टा. देणाऱ्याने ‘नर आहे’ असे सांगितले आणि घरात कोणी उलटे करून पाहिले नाही. आबांनी त्याच दिवशी नाव ठेवले, वाघ्या. तीन आठवडे सारे घर वाघ्या, वाघ्या करीत होते. मग लस टोचायला नेले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लू उचलले आणि ते हसले. “अहो, हा वाघ्या कसला? ही तर मादी आहे!”

मी गेलो त्या दिवशी घरात हाच वाद पेटला होता. आबांचे म्हणणे एकच. “मादी कशाला पोसायची? वर्षातनं दोनदा दारात गावभरची कुत्री गोळा होणार. देऊन टाका कुणाला तरी.” या ‘कुणाला तरी’चा अर्थ खेड्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही. पोत्यात घालायचे आणि शिवेबाहेर सोडून यायचे. धाकटी नात कोपऱ्यात रडत होती. आजी मला म्हणाल्या, “साहेब, कालपर्यंत वाघ्या होती तोवर सगळ्यांची लाडकी. एका रात्रीत काय बिघडलं तिचं?”

आजींचा प्रश्न बिनतोड होता. पिल्लू तेच होते, भाकरी तेवढीच खात होते, परक्या माणसावर तसेच भुंकत होते. बदलले होते ते फक्त आपल्या मनातले.

मी आबांना म्हटले, “आबा, आधी नाव बदलू. असं नाव ठेवू की नर का मादी, हा प्रश्नच उरायचा नाही. बाकीचं डॉक्टरांना विचारू.”

आपल्या भाषेतली सोय

आपल्याकडची कुत्र्यांची नावे आठवून पाहा. वाघ्या, खंड्या, काळ्या ही सारी नराची. चंपी, काळी, ठमी ही मादीची. शेवटी ‘या’ आला की नर आणि ‘ई’ आली की बहुधा मादी. वाघ्या तर खंडोबाचा पुरुष भक्त; बाईला आपण मुरळी म्हणतो. रंगावरून नाव ठेवायचे म्हटले तरी तांबडा, तांबडी, तांबडे असे रूप बदलते. पण ‘बदामी’ बदलत नाही. बदामी बैल, बदामी गाय, बदामी वासरू. ‘केशरी’, ‘लाल’ हे शब्दही तसेच.

जुन्या माणसांची काही नावेही अशीच दोघांना चालणारी. हिरामण असतो तशी हिराबाई असते. मोतीराम असतो तशी मोतीबाईही असते. म्हणून हिरा किंवा मोती म्हटले, तर कुत्रा की कुत्री हे कळत नाही. शिवाय मराठीत नपुंसकलिंग आहेच. ‘पिल्लू आलं, जेवलं, झोपलं’ असे आपण सहज बोलतो. आणि ‘ये’, ‘जा’, ‘बस’ या हुकुमांना तर लिंगच नाही.

नाव निवडताना एवढे पाहा

पहिली गोष्ट, नाव दोन-तीन अक्षरांचे असावे. शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक पोचली पाहिजे.

दुसरी, घरच्या बैलांच्या नावांशी ते जुळू नये. सर्जा-राजाची जोडी दावणीला असताना कुत्र्याला राजा म्हटले, तर औतावरचा बैल कान टवकारील! घरातल्या आणि शेजारच्या माणसांची नावेही टाळावीत. त्यातून भांडणे होतात.

तिसरी, नाव हुकमासारखे वाजू नये. कुत्र्याला अंगावर घालायला आपण ‘छू’ म्हणतो. मग ‘छोटू’ नावाच्या कुत्र्याचा गोंधळ होणार. ‘हाड’शी जुळणारे नाव तर नकोच.

चौथी, सगळ्या घराने एकच नाव घ्यावे. भाकरी टाकण्याआधी नाव घेऊन हाक मारावी. नाव घेऊन बोलवायचे आणि मग मारायचे, असे कधी करू नये. पुढे ते हाकेला येत नाही. नाव बदलायचे असेल तर काही दिवस जुने आणि नवे जोडून म्हणावे, मग जुने सोडून द्यावे.

बदाम, चिकू, मोती, हिरा, केशर, साथी, आणि काळ्या पिल्लासाठी मिरी, अशी नावे मी सुचवली. नातीने ‘बदाम’ निवडले. चार दिवस ‘वाघ्या-बदाम’ झाले आणि पाचव्या दिवसापासून नुसते बदाम.

नाव कसेही ठेवा, कार्डावर खरे लिहा

नाव दोघांना चालणारे असले, तरी लसीच्या कार्डावर नर की मादी हे खरेच लिहून घ्यावे. पिसाळ रोगाची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. मादीबद्दल आबांची जी तक्रार होती, तिच्यावरही उपाय आहे. कुत्री माजावर आल्यावर नर गोळा होतात आणि गाभण राहिली तर सुमारे नऊ आठवड्यांनी विते. पण नसबंदीची शस्त्रक्रिया केली की हा त्रास मिटतो. कोणत्या वयात करावी, हे डॉक्टरांना विचारावे.

बॉक्सर ही जात मूळची जर्मनीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या बाजूला ती नावारूपाला आली. पूर्ण वाढलेला नर ३० किलोच्या वर भरतो, मादी २५ किलोच्या आसपास. राखणीला दोघेही चांगले. मात्र या जातीचे तोंड आखूड असल्याने तिला उन्हाचा फार त्रास होतो. पत्र्याच्या शेडखाली बांधू नका. सावली आणि पाणी कायम ठेवा. भर उन्हात पळवू नका. जोराची धाप लागली, लाळ गळू लागली, तर अंगावर पाणी घालून थंड जागी न्या आणि डॉक्टरांना गाठा.

नावात मन दिसते

लेकीबाळींची आणि जनावरांची तुलना मी करीत नाही. पण नाव ठेवताना आपल्या मनात काय असते, ते नावात उमटते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ‘नकुसा’ नाव मिळालेल्या अडीचशेहून अधिक मुलींना २०११ साली साताऱ्यात समारंभ करून नवी नावे देण्यात आली. त्या मुलींचा गुन्हा काय होता? नाव ठेवणाऱ्याच्या मनातले ओझे त्या वाहत होत्या. मनातले हे ओझे घरातून काढायचे, तर दारातल्या पिल्लापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

परवा पुन्हा त्या घरी गेलो. बदाम आता अंगापिंडाने भरले आहे. आबा ओसरीवर बसले होते. मला म्हणाले, “साहेब, रात्री पाणी धरायला निघालो की बदाम पुढं असतं. विंचू-काट्याच्या वाटेला तेवढीच सोबत.” आबांनी हाक मारली, तसे ते येऊन त्यांच्या पायाशी बसले. देऊन टाकण्याची भाषा कोणी काढली नाही.

तुमच्या घरी पिल्लू येईल, तेव्हा पहिल्याच दिवशी ते नर की मादी हे पाहून घ्या. मग दोघांनाही शोभेल असे नाव ठेवा आणि लसीची तारीख कॅलेंडरवर लिहा. मादी निघाली तर पोते शोधू नका, डॉक्टरांकडे जा.