घरातील घातक कचरा टाकायचा कोठे?

कोल्हापूर : दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून आणि कपाटांच्या तळातून काही वस्तू हमखास बाहेर येतात. मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटे, अर्धा वाळलेला रंगाचा डबा, बंद पडलेले सीएफएल दिवे, गावाकडील शेतासाठी आणलेल्या तणनाशकाची तळाशी थोडे उरलेली बाटली. हे सारे एका पिशवीत कोंबून सकाळच्या घंटागाडीत टाकले, की घर स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. त्या पिशवीचा प्रवास मात्र तेथूनच सुरू होतो.

शहराचा कचरा वर्षानुवर्षे कसबा बावड्यातील लाईन बाजारच्या झूम प्रकल्पाकडे जात आला आहे. तेथे पोहोचेपर्यंत तो घंटागाडीवरील कर्मचाऱ्याच्या आणि पुष्कळदा भंगार वेचणाऱ्या महिलेच्या हाताखालून जातो. मधुमेही रुग्णाने इन्सुलिन घेऊन टाकलेली सुई त्यांच्या बोटात रुतली, तर ती कोणाच्या घरची, हे कधीच कळत नाही. मग कावीळ ब आणि एचआयव्हीच्या तपासण्या आणि निकाल हाती येईपर्यंतची धास्ती त्यांच्या वाट्याला येते. घातक कचऱ्याचा पहिला बळी नदी किंवा जमीन नसते. ज्यांच्या हातात मोजेही नसतात, अशी माणसे असतात.

कारखान्यातील रसायनाचे पिंप बाहेर पडले, तर त्याची नोंद ठेवावी लागते आणि ते रांजणगावसारख्या विशेष केंद्राकडे पाठवावे लागते. तीच रसायने घरातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना ना नोंद, ना पावती. हे लक्षात घेऊनच २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा वेगळा प्रकार मानला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट व सीएफएल, मुदतबाह्य औषधे, फुटलेले तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया या साऱ्यांचा त्यात समावेश होता. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी ओला, सुका आणि सॅनिटरी कचऱ्याच्या जोडीला ‘विशेष काळजीचा कचरा’ हा चौथा प्रकार ठेवला आहे.

२०१६ च्या नियमांत आणखी एक तरतूद होती आणि ती फारच थोड्यांच्या वाचनात आली असेल. दर २० चौरस किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक, या प्रमाणात स्थानिक संस्थेने असा कचरा स्वीकारणारे केंद्र उभारावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे त्यात म्हटले होते. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे हिशेबाने किमान चार केंद्रे. योगायोग असा, की गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी महापालिकेची विभागीय कार्यालयेही चारच आहेत. प्रत्येक कार्यालयात एक कुलूपबंद पेटी आणि आठवड्यातील एक ठरलेला दिवस, एवढ्यानेही मोठे काम होईल. आपल्या विभागात ही सोय कोठे आहे, हे नागरिकांनी आरोग्य निरीक्षकाला आवर्जून विचारावे. मागणी दिसल्याखेरीज पेट्या हलत नाहीत, हा आपल्याकडील अनुभव आहे.

तोपर्यंत घरात काय करावे? मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी झाकणाचा एक डबा ठेवून त्यावर लाल खूण करावी. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावे. लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. टोके एकमेकांना टेकली की ठिणगी पडते आणि कचऱ्याच्या ढिगाला आग लागायला तेवढे पुरते. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्यावी. तिची किंमतही मिळते.

पाऱ्याकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो, तर जुन्या काचेच्या तापमापकात अर्ध्या ग्रॅमहून अधिक, म्हणजे शंभर दिव्यांइतका. तापमापक फुटला, की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. नेमके तेच टाळावे. झाडल्याने पाऱ्याचे बारीक थेंब खोलीभर पसरतात आणि त्यांची न दिसणारी वाफ श्वासात जाते. मुलांना बाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. हातातील अंगठी, बांगड्या उतरवाव्यात. पारा सोन्याला धरतो, हे गुजरीतील कोणताही सराफ सांगेल. मग जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून ड्रॉपरने बाटलीत घ्यावेत आणि उरलेले कण चिकटपट्टीने टिपावेत. हा पारा बेसिनमध्ये कदापि ओतू नये.

औषधांचेही तसेच. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये फेंटानिल, ट्रामाडॉल अशा १७ औषधांची यादी देऊन ती शौचालयात सोडण्यास सांगितले, कारण चुकून कोणी घेतल्यास ती जिवावर बेततात. बाकीच्या औषधांना ही मुभा नाही. सांडपाणी प्रक्रियेचे मुख्य काम सेंद्रिय घाण कमी करणे हे असते. प्रतिजैविके त्यातून पूर्णपणे गाळली जात नाहीत. जयंती नाला पंचगंगेला मिळतो आणि खाली नृसिंहवाडीपर्यंतची गावे त्याच नदीकाठी आहेत. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडमध्ये घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याचा शासकीय उपक्रम सुरू केला. आपल्याकडे असे काही करण्यास कोणाची हरकत असेल, असे वाटत नाही.

कीटकनाशकाची रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणी पंपातच ओतावे आणि बाटलीला भोक पाडावे, म्हणजे तिच्यात कोणी पाणी किंवा तेल भरणार नाही. शौचालयाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याहून कितीतरी वर चढले आणि तळमजल्यावरील सामान त्यात बुडाले. लाल खुणेचा हा डबा जूनच्या आधीच वरच्या मजल्यावर हलवावा.