बस्तरची कॉफी, चारोळीचा स्वाद

भाजलेल्या सुक्यामेव्याचा गोडसर स्वाद असलेली कॉफी शहरांतील उपाहारगृहांत लोकप्रिय झाली आहे. हा स्वाद बहुधा हेझलनटच्या नावाने बाटलीबंद सिरपमधून येतो. छत्तीसगडमध्ये मात्र अशा पेयाचे दोन्ही मुख्य घटक राज्यातच मिळतात : बस्तरच्या डोंगराळ भागातील कॉफी आणि जंगलातील चारोळी.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या जगदलपूर येथील शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली २०१७ मध्ये दरभा परिसरात सुमारे २० एकरांवर कॉफीची लागवड सुरू झाली. पुढे ती ‘बस्तर कॉफी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चारोळी मात्र बस्तरमध्ये पूर्वापार गोळा केली जाते. एकेकाळी येथील आदिवासी कुटुंबे मिठाच्या बदल्यात ही मौल्यवान बी देऊन टाकत असत.

कृती (दोन कप)

१. एक मोठा चमचा चारोळी मंद आचेवर तीन-चार मिनिटे, फिकट सोनेरी होईपर्यंत कोरडीच भाजावी. ती लवकर करपते व कडवट होते. म्हणून सतत हलवत राहावे.

२. पूर्ण थंड झाल्यावर दोन चहाचे चमचे साखरेसह थांबत थांबत वाटावी. चारोळीत निम्म्याहून अधिक तेल असते; साखरेमुळे तिचा लगदा न होता भुकटी मिळते.

३. दोन मोठे चमचे शुद्ध कॉफीपूड उकळी ओसरलेल्या अर्धा कप पाण्यात घालून चार मिनिटे झाकून ठेवावी व स्वच्छ फडक्यातून गाळावी. चिकोरी मिसळलेली पूड टाळावी; तिच्या कडवटपणात चारोळीचा नाजूक स्वाद हरवतो.

४. दीड कप दुधात चारोळीची भुकटी घालून दोन-तीन मिनिटे उकळावे, गाळावे व त्यात कॉफीचा अर्क मिसळावा.

साखरेऐवजी गूळ वापरल्यास दूध फाटू नये म्हणून तो आचेवरून उतरवल्यानंतरच घालावा; अशा वेळी चारोळी नुसतीच जाडसर कुटावी. मराठी घरांत कॉफीला जायफळ हवेच असते. येथे मात्र ते वगळलेले बरे. चारोळी ही आंबा व काजूच्याच कुळातील असल्याने काजूची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे पेय टाळावे.

स्वाद झाडावरच ठरतो

कृती अचूक असूनही पेय बेचव लागले, तर दोष बहुधा चारोळीचा असतो. उन्हाळ्यात फळे हिरवी असतानाच, दुसरा कोणी तोडून नेईल या भीतीने ती उतरवली जातात. कधी फांद्याही तोडल्या जातात. अशा फळांतील गर सुरकुततो, त्यात तेल कमी भरते आणि पुढील वर्षीचा बहरही घटतो. फळे काळपट जांभळी झाल्यावरच तोडावीत, बिया धुऊन चांगल्या वाळवाव्यात. कवचासह बी अधिक काळ टिकते; सोललेली चारोळी हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावी, अन्यथा तेल खवट होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बचतगटांसमोर पक्व व अपक्व फळांच्या चारोळीची कॉफी शेजारी शेजारी करून चाखायला द्यावी. फळ पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला भाषणापेक्षा त्या दोन कपांतून अधिक पटेल. मात्र एकट्या कुटुंबाने थांबून भागणार नाही; तोडणीचा दिवस गावाने मिळून ठरवला, तरच झाड टिकेल आणि चांगल्या मालाचा दर मागता येईल.