घरातील उपकरण-कक्ष : परभणी जिल्ह्यातील उष्मा, माती व वीज यांच्या संदर्भात

मराठीत घरातील खोल्यांची नावे बहुधा तेथे काय ठेवले जाते अथवा काय केले जाते यावरून पडलेली आहेत. देवघर, कोठीघर, न्हाणीघर, स्वयंपाकघर हे शब्द या जातीचे होत. याच साच्यातून तारघर, टपालघर, वीजघर हे शब्द घडले. परंतु ते घराबाहेरच्या सार्वजनिक संस्थांना लागले. (सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाल्यावर यांपैकी पहिला शब्द निराधार झाला, ही गोष्ट निराळी.) आता दळणवळणाची यंत्रे घरातच येऊन बसली आहेत. काचतंतूचे टोक जेथे येते ती पेटी, राउटर, स्विच, कॅमेऱ्यांची चित्रे साठविणारे यंत्र, इन्व्हर्टर अशी पाचसात उपकरणे परभणी, सेलू, गंगाखेड येथील नव्या घरांत सर्रास दिसतात. एक दिवाणखान्यात, दुसरे माडीवर, तिसरे जिन्याखाली अशी ती विखुरलेली असतात. त्यांना एका ठिकाणी आणण्याची जी जागा, तिला मराठीत अद्याप नाव स्थिरावलेले नाही. तूर्त ‘उपकरण-कक्ष’ ही संज्ञा पुरेशी आहे.

या कक्षाचे मूलतत्त्व साधे आहे. विजेची तार एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर फिरवीत नेता येते. संगणक-जोडणीच्या तांब्याच्या तारेला मध्येच फाटा फोडता येत नाही. म्हणून प्रत्येक खोलीतून एक स्वतंत्र, अखंड तार निघून एकाच जागी यावयास हवी. अशा तारेची मर्यादा १०० मीटर असल्याने घरापुरती अडचण येत नाही. जुन्या माळवदी घरांत तर तारांवाचून गत्यंतरच नाही, कारण दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींतून बिनतारी लहरी क्षीण होऊन बाहेर पडतात. यंत्रे पाचसहा वर्षांत बदलतात. भिंतीतील मार्ग मात्र भिंतीइतकाच टिकावयास हवा. म्हणून नळी रुंद घ्यावी व एखादी रिकामी सोडावी. बांधकामाच्या वेळी हा खर्च नगण्य असतो.

जागा कोणती निवडावी, हा खरा प्रश्न होय. या विषयावरील पाश्चात्त्य मार्गदर्शिका बहुधा तळघर सुचवितात. तेथील तळघर थंड व रिकामे असते. काळ्या मातीच्या परभणीत जमिनीखाली पेव असे, आणि तेही धान्यासाठी. येथे विचार उष्णतेपासूनच सुरू करावा लागतो.

उपकरणाने घेतलेली वीज अखेर जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपाने खोलीत उतरते. सर्व मिळून १०० वॉट धरल्यास दिवसाकाठी २.४ युनिट होतात. ही उष्णता वाहून नेताना हवा ५ अंशांहून अधिक तापू नये, असे वाटत असेल तर ताशी सुमारे ६० घनमीटर हवा खेळावयास हवी. एक लहान पंखा हे काम करू शकतो. परंतु मे महिन्यातील दुपारी बाहेरची हवाच ४३ अंशांवर असेल, तर उपकरणांभोवती ४८ अंश भरतील. आणि घरगुती वापराची बहुतेक उपकरणे ४० अंशांपर्यंतच चालावीत अशा बेताने बनविलेली असतात. तेव्हा हवा बाहेरून न घेता घराच्या सर्वांत थंड भागातून घ्यावी. पश्चिमेची भिंत व वरच्या मजल्यावरील स्लॅबखालची खोली या दोन जागा सर्वथा वर्ज्य होत. कूलरचा ओला झोतही उपकरणांवर सोडू नये. त्यातून ओल व क्षार आत जातात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड छपरे व दगडमातीच्या भिंती कोसळून भीषण मनुष्यहानी झाली. त्यानंतर माळवदाविषयी मनात भय बसले, ते अकारण नव्हते. तथापि माळवदाखालची आतली खोली उन्हाळ्यात थंड राहते, हेही तितकेच खरे. अशा घरात उपकरणांसाठी कोठीघर सहज सुचते, आणि येथेच सावध राहावयास हवे. धान्याची धूळ व बळदापाशी येणारे उंदीर हे उपद्रव जाड नळी आणि जाळीची पेटी यांनी आवरता येतात. धान्यास कीड लागू नये म्हणून काही जण अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, हा धोका मात्र निराळ्या प्रतीचा आहे. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांबे खातो. उपकरणांतील जोड काळे पडून निकामी होतात. अर्थात् यंत्रांची चिंता येथे दुय्यम आहे. हा वायू माणसास प्राणघातक असल्यामुळे राहत्या घरात या गोळ्या वापरावयाच्याच नसतात.

दुसरा प्रश्न भूमीचा. काळी माती ओली असता वीज चांगली वाहून नेते; उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि तिचा रोध वाढतो. पावसाळ्यात तपासून निर्दोष ठरलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नाममात्र उरते, आणि वळवाचा पाऊस विजांसह येतो तो याच सुमारास. इलेक्ट्रोड अडीच-तीन मीटर खोल, म्हणजे वाळणाऱ्या थराच्या खाली जावा व उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालीत जावे. भूसंपर्कनाविषयीची भारतीय मानक संहिता आय.एस. ३०४३ ही प्रथम १९६६ मध्ये निघाली व पुढे सुधारली गेली. तरीही ‘यंत्रांसाठी वेगळे अर्थिंग’ हा समज अनेक वायरमनांत रूढ आहे. घरात दोन अर्थिंगे असून ती परस्परांशी जोडलेली नसतील, तर जवळपास वीज कोसळताच त्या दोहोंत प्रचंड दाब उत्पन्न होतो आणि तो उपकरणांतूनच वाट काढतो. इलेक्ट्रोड किती का असेनात, ते सर्व एकमेकांस जोडलेले असले पाहिजेत.

याच कारणास्तव घरापासून गोठ्याकडे किंवा शेजारच्या स्वतंत्र इमारतीकडे तांब्याची तार नेऊ नये, काचतंतू न्यावा. काच वीज वाहत नाही. परंतु खांबावरून घरात येणाऱ्या काचतंतूच्या दोरीत आधारासाठी पुष्कळदा पोलादी तार असते, ही बाब विसरली जाते. ती घराबाहेरच कापून केवळ तंतू आत घ्यावा. जमिनीखालून नळी नेल्यास काळी माती फुगताना व आकसताना सांधे ओढते. म्हणून दोन्ही टोकांस तंतूचे वेटोळे सैल ठेवावे.

इन्व्हर्टर उपकरणांजवळ असला तरी चालेल. त्याची शिसे-आम्लाची बॅटरी मात्र त्या बंद खोलीत नको. भारित होताना ती हायड्रोजन सोडते, आणि तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढत गेल्यास तिचे आयुष्य जवळपास निम्मे होत जाते. सावलीतील, वारा लागणारी ओसरी तिला अधिक मानवते.

उरतो प्रश्न नावांचा, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. तारा एकसारख्या दिसतात. ज्याने त्या ओढल्या तो कारागीर पुढे भेटेलच असे नाही. तारांवर ‘रूम १’, ‘रूम २’ अशी चिठ्ठी लावली जाते. परंतु त्या घरात त्या नावाने कोणी कोणत्याच खोलीला ओळखत नाही. लोक ‘लाइट गेली’ म्हणतात, ‘डीपी जळाली’ म्हणतात. अधिकृत ‘भारनियमन’ व ‘रोहित्र’ हे शब्द कागदावर राहतात. चिठ्ठ्यांवरही घरातील बोलीच यावी : ‘माडी’, ‘ओसरी’, ‘आजीची खोली’, ‘गोठा’. तारेच्या दोन्ही टोकांस तेच नाव असावे आणि सर्वांची यादी कक्षाच्या दाराच्या आतील बाजूस लावावी. ती शिसपेन्सिलीने लिहिलेली बरी, कारण तिची अक्षरे शाईप्रमाणे विटत नाहीत.